जबड्यात तुटलेले नमुने

“परत जबड्यात,” इद्रिस मुल्ला म्हणाला आणि तुटलेल्या नमुन्याचे दोन तुकडे त्याने यंत्राखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकले.

शैलजा मगदूम यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आवळतोस किती रे? नमुना धरायचाय, त्याच्याकडून गुन्हा कबूल करून घ्यायचा नाहीये.”

“मॅडम, सैल धरला तर निसटतो, घट्ट धरला तर तुटतो. मी करू काय?”

“नीट धर.”

इद्रिसला नोकरीला लागल्यापासून प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर मिळत आलं होतं. त्यात नवीन काही नव्हतं, त्यामुळं तो दुखावलाही गेला नाही.

इचलकरंजीची ही चाचणीशाळा मुळात सुतासाठी उघडलेली. पुढं माग कमी झाले आणि सुताच्या जागी नाना तऱ्हेची पॉलिमर यायला लागली: ड्रोनचे पट्टे, पाणीयोजनेचे पाइप, दवाखान्यात लागणाऱ्या नळ्या. काम मात्र तेच राहिलं, ओढून तोडायचं. नमुना डंबेलच्या आकारात कापतात. दोन्ही टोकं रुंद, मधला भाग अरुंद. टोकं यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची आणि वरचा जबडा संथपणे वर न्यायचा. नमुना लांबतो, बारीक होतो, शेवटी तुटतो. किती जोराला किती लांबला, याची रेषा पडद्यावर उमटत जाते.

नमुना मधे तुटला तर तो निकाल. जबड्यात तुटला तर तो निकाल नव्हे. त्यातून पॉलिमर कसं आहे ते कळत नाही, धरणारा कसा आहे ते कळतं. तो टाकायचा, दुसरा लावायचा. जगभर हाच नियम आहे आणि त्यात चूक काहीच नाही. नव्या यंत्राला तर हे सांगावंही लागत नसे. कॅमेऱ्यातून पाहून ते स्वतःच असा नमुना सरासरीतून वगळत असे आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक नम्र करडी खूण करत असे. करड्या खुणेकडं कोण पाहतो?

शैलजाताई या चाचणीशाळेच्या प्रमुख. माणसांनाही त्या बहुधा अशाच तपासत. थोडं ओढून बघायचं, कुठं सैल पडतो ते लक्षात ठेवायचं आणि नंतर त्या माणसाकडून तेवढीच अपेक्षा करायची. यामुळं त्यांचा कधी अपेक्षाभंग होत नसे आणि घरी फारसं कोणी येतही नसे. त्यांची सही मात्र गावात चालायची. ‘मगदूमबाईंनी सोडलंय’ म्हटलं की कारखानदार पुढचा प्रश्न विचारत नसत.

सध्या ओढायला होता तो निजतंतू.

पुण्याच्या डॉ. नीरज धवळीकरांनी तो बनवला होता आणि बातम्यांत त्याला ‘झोपेत बरा होणारा धागा’ म्हणत. बातम्यांच्या मानानं हे वर्णन बरंच खरं होतं. कुठल्याही पॉलिमरमध्ये रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. ओढलं की साखळ्या ताणतात आणि एकदा तुटली ती तुटली. म्हणून वापरानं प्लास्टिक थकतं. धवळीकरांनी दोन साखळ्यांच्या मधे हलके बंध विणले, गाठ नव्हे, सुरगाठ म्हणा. ताण आला की आधी या सुरगाठी सुटतात, मुख्य साखळ्या वाचतात. ताण गेला की साखळ्या जरा सैलावतात, हलतात, आणि जवळ येईल त्या शेजाऱ्याशी नवी सुरगाठ बांधतात. दिवसभर राबवा, रात्री निजू द्या, सकाळी नवा. यंत्रावर तो लाखो वेळा ओढून सोडला तरी त्याची रेषा पहिल्या दिवसासारखीच यायची.

असा धागा माणसाच्या गुडघ्यात जाणार हे ओघानंच आलं. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं की रुग्णाच्याच मांडीमागच्या स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, काढून तिथं बसवतात आणि खेळाडू पाऊण वर्ष घरी बसतो. निजतंतूचा पट्टा बसवला की दीड महिन्यात मैदानावर. शेळ्यांवर प्रयोग झाले, मग माणसांवर. देशभरात बावन्न जणांच्या गुडघ्यात पट्टा बसला होता. ओढण्याच्या चाचण्यांवर सही शैलजाताईंची होती.

त्रेपन्नावा गुडघा त्यांच्या भाचीचा असणार होता.

ओवी मगदूम, धाकट्या भावाची मुलगी, जिल्ह्याच्या कबड्डी संघातली चढाईपटू. पन्हाळ्याच्या शिबिरात पकडीत पाय मुरगळला आणि लिगामेंट गेलं. राज्य संघाची निवड दोन महिन्यांवर. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

तिचा बाप भरत सुताला खळ लावायचा सायझिंगचा कारखाना चालवायचा आणि नव्या वस्तूंवर त्याचा विश्वास नव्हता. घरात नवा फ्रीज आला तरी तो आठवडाभर दूध बाहेरच ठेवायचा.

“अक्का, एकच सांग,” तो म्हणाला होता. “तू स्वतः बघितलायस ना हा दोरा?”

“मी पास केलाय.”

“मग झालं.”

शैलजाताईंना त्या दिवशी जे वाटलं त्याला आनंद म्हणायला हरकत नाही. ओवी लहान असताना तिची आई शाळेत शिकवायला जायची आणि पोरगी आत्याच्या मागं चाचणीशाळेत येऊन बसायची. शैलजाताईंच्या हिशेबात जमेच्या बाजूला एवढं एकच ठळक नाव होतं.

ऑपरेशन गुरुवारी, मिरजेला. आधीच्या शुक्रवारी ओवी कुबडी टेकत चाचणीशाळेत आली.

“आत्ती, माझ्या गुडघ्यात काय जाणाराय ते दाखव की.”

इद्रिसनं एक नमुना लावून ओढून दाखवला. पट्टा लांबत गेला, लांबत गेला, मधे बारीक झाला, आणि सुतळी तुटावी तसा आवाज होऊन तुटला.

“आईशप्पथ! केवढा ताणतोय हा. मला तर दोन पोरींनी धरलं की संपते मी.”

“त्यासाठीच तर बसवायचाय,” इद्रिस म्हणाला. “ओवीताई, टीव्हीवर आलात की आमचं नाव घ्या. ‘इद्रिसभाईंनी ओढून दिला’ म्हणायचं.”

“एक तुकडा द्या ना. किल्लीला लावते.”

शैलजाताईंनी पत्र्याचा डबा पुढं ओढला. “यातला घे कुठलाही. टाकाऊच आहेत.”

ओवी चाळायला लागली आणि शैलजाताई सहज बघत होत्या. त्यांची नजर सहज म्हणून फार वेळ राहत नसे. आधी त्यांना जाणवलं की डबा भरलेला आहे. तो एवढ्या लवकर भरत नाही. मग त्यांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. जबड्यात तुटलेल्या नमुन्याचं तोंड चेंबलेलं असतं, दातांखाली आलेल्या बडीशेपेसारखं. हे चेंबलेलं नव्हतं. खडू मोडल्यासारखं पांढरं, सरळ होतं. दुसरा तुकडा तसाच. तिसरा तसाच.

“हे कधीचे रे?”

इद्रिसनं डोकं खाजवलं. “बहुतेक सोमवारचे, मॅडम.”

“सोमवारचेच का?”

तो जरा घुटमळला. चाचणीशाळेत जबड्यांचे जादा संच होते. शनिवारी जाताना इद्रिस त्यांत सोमवारचे नमुने आवळून ठेवायचा. सकाळी आलं की संच यंत्राला अडकवायचा आणि ओढायचा. सोमवारी काम झटपट उरकायचं. सुतासाठी तो हे करत आला होता आणि सूत कधी तक्रार करायला आलं नव्हतं. शैलजाताईंनीही ते पाहिलेलं होतं. माणूस आपणहून वेळ वाचवतोय म्हणून मनातल्या मनात शाबासकीही दिली होती. उघड द्यायची त्यांची पद्धत नव्हती.

“आत्ती, काय झालं?” ओवीनं विचारलं.

“काही नाही. हा आत्ताचा घे, हा मधे तुटलेला आहे. चांगला.”

शनिवारी त्यांनी स्वतःच्या हातानं तीन नमुने आवळून ठेवले. ओढले नाहीत, नुसते धरून ठेवले. तीन नमुने तसेच ट्रेमध्ये मोकळे ठेवले. सोमवारी सकाळी सगळे ओढले. मोकळे तिन्ही मधे तुटले, भरपूर लांबून, फुशारकी मारावी अशा जोराला. धरून ठेवलेले तिन्ही जबड्यात तुटले, निम्म्याहून कमी जोराला. यंत्रानं त्यांच्यापुढं तीन करड्या खुणा केल्या आणि सरासरी उत्तम असल्याचं कळवलं.

“मॅडम, तुमच्या हातनंही जबड्यात तुटला,” इद्रिस म्हणाला. या क्षणाची त्यानं कित्येक वर्षं वाट पाहिली असणार. पण बाईंचा चेहरा बघून त्यानं पुढचं वाक्य गिळलं.

शैलजाताई खुर्चीत बसून विचार करत होत्या. साधं प्लास्टिक दाबलं की दबतं आणि गप बसतं. निजतंतू गप बसत नाही. तो बंध सोडतो, सरकतो, नवी जागा शोधतो, हाच त्याचा गुण. पण जबड्याच्या दाबाखाली सरकायला जागाच नसते. सुटलेली सुरगाठ सुटलेलीच राहते, मग तिच्या शेजारची सुटते. मधला भाग निजून ताजा होतो; धरलेल्या जागेला झोपच लागत नाही. तिथं तो आतल्या आत खडूसारखा होत जातो.

आणि गुडघ्यात पट्टा दोन्ही टोकांना हाडात स्क्रूनं आवळून बसवलेला असतो. शनिवार ते सोमवार नव्हे. कायमचा.

मग हे आधी का दिसलं नाही? कंपनीनं मेलेल्या माणसांच्या हाडांत स्क्रू घालून पट्टे ओढून पाहिले होते, पण सकाळी बसवून दुपारी. शेळ्या वर्षभर उड्या मारत होत्या, पण शेळीच्या हाडात स्क्रू मावत नाही. तिथं पट्टा एका गुळगुळीत बटणाभोवती वळसा घालून अडकवला होता. वळशात दाब पसरतो. आणि दीर्घकाळाच्या चाचण्यांत जबड्यात तुटलेले नमुने नियमाप्रमाणं डब्यात गेले होते. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं होतं. चूक शोधायला बोट दाखवावं तर ते कुठंच टेकेना, आणि शेवटी फिरत फिरत शैलजाताईंच्याच सहीवर आलं.

मंगळवारी धवळीकर व्हिडिओ कॉलवर आले. हुशार माणूस; शैलजाताईंच्या तीन रेषा बघून त्यांना कळायला फार वेळ लागला नाही.

“जबड्यातले नमुने आपण हिशेबात धरत नाही, मगदूम मॅडम,” ते आधी म्हणाले. “गेल्या वर्षी परिषदेत तुम्हीच यावर बोलला होतात. मला चांगलं आठवतंय, कारण तुम्ही माझंच उदाहरण दिलं होतं.”

“यंत्राच्या जबड्याबद्दल बोलले होते. गुडघ्यातला स्क्रू पेशंटबरोबर घरी जातो.”

धवळीकरांनी तिन्ही रेषा पुन्हा पाहिल्या. “बरोबर आहे. वळशाचं बटण सगळ्यांना वापरावं लागेल. परवानगीसकट दीड-दोन महिने लागतील. तोवर सही मागं घेऊ नका. सही गेली की निजतंतू बंद. वळसा असो की स्क्रू, काहीच वापरता येणार नाही. कंपनी उभी राहणार नाही आणि बटणही होणार नाही.”

“या दोन महिन्यांत किती ऑपरेशनं आहेत?”

“वीस-पंचवीस. सगळेच तुटतील असं थोडंच आहे? काहींचे चालतीलही.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुमच्या भाचीचं गुरुवारी आहे ना? मिरजेच्या सर्जनना मी आजच बटण पाठवतो. तिचा पट्टा वळशानंच बसेल. शेळ्यांसारखा, म्हणजे, उत्तम. ती निवडीला खेळेल. तुम्ही फक्त दोन महिने थांबा.”

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर उत्तर देणं सोपं गेलं असतं. त्यानं पुढं ठेवलेली गोष्ट खरी होती आणि नेमकी शैलजाताईंच्या हिशेबातल्या त्या एका ठळक नावापुढं ठेवलेली होती.

त्यांनी त्याच दुपारी सही मागं घेतली.

संध्याकाळी त्या भावाकडं गेल्या. भरत चहा घेत होता, ओवी पलंगावर पाय लांब करून बसली होती. शैलजाताईंना प्रस्तावना येत नसे. त्यांनी पट्टा, स्क्रू, डबा, सगळं सांगितलं.

“बघ, मी म्हणत नव्हतो?” भरत म्हणाला. खरं तर तो असं काहीच म्हणाला नव्हता, पण फ्रीजच्या वेळेपासून हे वाक्य त्याच्याकडं शिल्लक होतं. “बरं झालं अक्का, वेळेवर कळलं. पोरगी वाचली.”

“एवढंच नाही,” शैलजाताई म्हणाल्या, आणि त्यांनी बटणाचंही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर कोणाला कळणार नव्हतं.

ओवी त्यांच्याकडं बघत राहिली. “म्हणजे त्या बटणानं माझा गुडघा नीट झाला असता?”

“बहुतेक.”

“आणि मी निवडीला खेळले असते.”

“हो.”

“आणि तू नको म्हणालीस.”

“सही ठेवली असती तर बाकीच्यांचे पट्टे स्क्रूनं बसले असते, ओवी. त्यातलं कोण जिन्यावरून उतरत असेल, कोणाच्या कडेवर मूल असेल...”

“कोण आहेत ते? नावं सांग त्यांची.”

“मला माहीत नाहीत.”

“माझं माहितीये ना?” ओवीनं किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातला निजतंतूचा तुकडा सोडवला आणि आत्याच्या हातात दिला. “हा ठेव. आणि उद्यापासून फोन करू नको. ‘पाय शेकला का, जेवलीस का, किती वाजता झोपलीस’, काही विचारू नको. लहान असल्यापासून धरून ठेवलंयस मला. आज जरा सोड.”

“ओवे!” भरत ओरडला.

“राहू दे,” शैलजाताई म्हणाल्या. “बरोबर बोलतेय.”

त्या उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. चहा तसाच राहिला.

पुढं व्हायचं ते झालं. बावन्न जणांना परत बोलावलं गेलं. त्यांतल्या तिघांचे पट्टे स्क्रूपाशी तुटायला आलेले होते, एकाचा बोलावणं पोचायच्या आतच तुटला. धवळीकरांची कंपनी बंद पडली. तीच माणसं दुसऱ्या नावानं वळशाच्या बटणावर काम करायला लागली, आणि पहिले नमुने तपासायला त्यांनी इचलकरंजीलाच पाठवले, याची नोंद त्यांच्या जमेला करायला हवी. चाचणीच्या नियमात एक कलम वाढलं: शरीरात आवळून बसणाऱ्या वस्तूचा जबड्यात तुटलेला नमुनाही मोजायचा, तोही आधी आवळून ठेवून. इद्रिसच्या आळसाची अशी जागतिक पद्धत झाली आणि तो ती येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायला लागला.

ओवीच्या गुडघ्यात तिच्याच मांडीमागची कंडरा बसली. राज्य संघात तिच्या जागी कोल्हापूरची एक पोरगी गेली आणि चांगली खेळली. ती बातमी शैलजाताईंनी वाचली, पण पेपर ओवीकडं पाठवला नाही. फोनही केला नाही. दिवाळी आली, गेली. भरत मधूनमधून येऊन सांगायचा: चालायला लागली, पळायला लागली, चिडचिड कमी झालीय. “तू एकदा येऊन बोल की अक्का,” तो म्हणायचा. त्या नुसती मान हलवायच्या. एखादी गोष्ट नीट धरायचा प्रयत्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच सोडून दिला होता, आणि ते त्यांना अजिबात जमत नव्हतं. सवयीनं हात फोनकडं जायचा. मग त्या इद्रिसवर ओरडायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर इद्रिसच बातमी घेऊन आला. “मॅडम, रविवारी जयसिंगपूरला सामने आहेत. ओवीताई उतरणार आहेत. मी चाललोय. गाडीत एक जागा आहे.”

“मला कोणी बोलावलेलं नाही.”

“सामना मैदानावर आहे, मॅडम. तिथं आमंत्रण लागत नाही.”

त्या मागच्या रांगेत बसल्या. तालुक्याचा सामना, फाटका मांडव, माइकवर गाव हादरेल असा निवेदक. ओवी जरा जाडजूड वाटली. पहिल्या दोन चढायांत ती हात लावून परत आली, फार आत गेली नाही. डाव्या पायावर भार टाकताना अजून बिचकत होती. ते शैलजाताईंशिवाय कोणाला दिसलं नसावं.

तिसऱ्या चढाईत ती आत घुसली आणि सापडली. एकीनं कंबर धरली ती निसटली, पण दोघींनी डावा पाय घोट्यापाशी मिठीत घेतला. ओवी पोटावर पडली. मध्यरेषा हातभर लांब. तोंडानं कबड्डी कबड्डी चालू, हात पुढं ताणलेला, पाय मागं आवळलेला, आणि सगळं अंग हळूहळू लांबत चाललेलं.

“मॅडम,” इद्रिस हळूच म्हणाला, “हे तर आपलं यंत्रच झालं.”

शैलजाताई हाताकडं बघत नव्हत्या, रेषेकडं बघत नव्हत्या. त्या फक्त गुडघा बघत होत्या. पडद्यावर रेषा चढत जाते तेव्हा अनुभवी कानाला तुटण्याआधीचा बारीक आवाज ऐकू येतो. त्या एवढ्या गोंगाटात तो आवाज ऐकायचा प्रयत्न करत होत्या.

बोटं रेषेला टेकली. शिट्टी झाली. मांडव उठून उभा राहिला.

मध्यंतरात ओवी पाण्याची बाटली घेऊन सरळ मागच्या रांगेपाशी आली. कोपरं सोललेली, कपाळाला माती. तिनं आधी इद्रिसकडं पाहिलं, मग आत्याकडं. इद्रिसला एकदम मांडवाच्या कनातीत रस वाटायला लागला.

“आत्ती,” ओवी म्हणाली, “दोघींच्या जबड्यात होते. हा निकाल मोजायचा, का डब्यात टाकायचा?”

“मोजायचा,” शैलजाताई म्हणाल्या. “पण तू तुटली नाहीस. म्हणजे चाचणी अपुरी राहिली.”

“मग?”

शैलजाताईंनी पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात ठेवला; कपाळ स्वतः पुसलं नाही.

“पुढचा सामना कधी आहे?”